उतरणं फुकट

आमच्या इमारतीची लिफ्ट नाणं खाते.
वर जायला वीस तेत्री, उतरणं फुकट.
म्हणून सुट्टीच्या पहिल्या सकाळी मुलांना म्हटलं, चला,
नऊ मजले पायांनी चढायचे
आणि लिफ्टनं उतरायचं, हवं तितक्या वेळा.
गेगा चार वर्षांचा, त्याला सौदा लगेच पटला.
लिले आठ वर्षांची. तिसऱ्या खेपेला धापा टाकत म्हणाली,
"म्हणजे साठ तेत्री वाचल्या, बाबा.
कुठे आहेत त्या?"
न खर्चलेला पैसा दाखवता येत नाही,
हे तिला नीट सांगता आलं नाही मला.

रुस्तावीत वसंत पोलादाच्या कारखान्यामागून येतो,
जर्दाळूच्या फुलांवर बारीक काजळी घेऊन.
त्याच कारखान्यातून मी जानेवारीत घरी आलो, कायमचा.
फेब्रुवारीत नेस्तान गेली इटलीला,
बारी शहरात एका म्हातारीला न्हाऊमाखू घालायला.
बॅग जड होती. पण लिफ्ट खालीच जाणार होती.

बशीत गहू पेरलाय, सणासाठी,
कापसावर रोज चमचाभर पाणी.
बोटभर वाढला की गेगाचं केशकर्तनालय उघडतं.
गिऱ्हाईक एकच, तक्रार करत नाही,
आणि चार दिवसांत पुन्हा येतं.

लाल शुक्रवारी अंडी रंगवायची.
मंजिष्ठेच्या मुळांची जुडी, बाजारात दोन लारी,
वर मूठभर कांद्याची सालं बाईनं तशीच दिली,
दोन्ही हातांना दोन पोरं बघून असेल.
फोनवर विचारलं, मुळं किती घालू? किती उकळू?
नेस्तान म्हणाली, "हाताला कळतं ते."
माझ्या हाताला काय कळणार?
पण डोळ्यांना भट्टीतून निघालेलं लोखंड कळतं,
उजळ, मग नारिंगी, मग तो गडद लाल,
ज्यानंतर फक्त थंड व्हायचं उरतं.
तो रंग आला, आणि मी गॅस बंद केला.
ओटा अजून लाल आहे. गेगाचा एक कानही.

रविवारी बारा अंडी जिन्यात लपवली.
गॅसच्या मीटरवर, कुणाच्या चिखलाच्या बुटात,
चौथ्या मजल्यावरच्या नातेलाबाईंच्या कुंडीआड.
(त्या दाराच्या फटीतून बघत होत्या,
"अजून डावीकडे," म्हणाल्या, मुलांना नाही, मला.)
अकरा सापडली.
बारावं कुठे ठेवलं, मलाच आठवेना.
पुन्हा नऊ मजले. बूट झाडले, कुंड्या सरकवल्या.
शेवटी लिले कमरेवर हात ठेवून भावासमोर उभी राहिली.

"मी पाठवलं," गेगा म्हणाला.
लिफ्टमध्ये ठेवलं, मधोमध,
चवड्यांवर उभं राहून सगळ्यात खालचं बटण दाबलं
आणि पटकन बाहेर आला.
"आई यातूनच गेली ना?
खाली जायला पैसे लागत नाहीत."

लिफ्ट बोलावली. कुरकुरत आली.
आत दिवा, आरसा, नाण्यांची पेटी.
अंडं नव्हतं.
गेगानं टाळ्या पिटल्या. आम्ही दोघं बघत राहिलो.

संध्याकाळी फोनच्या चौकटीत नेस्तान,
मागे परक्या स्वयंपाकघराच्या निळ्या फरश्या.
"मिळालं?" त्यानं विचारलं.
तिनं माझ्याकडे पाहिलं.
लिलेनं त्याच्या डोक्यामागून
अंगठा-बोटाचा लांबट गोल करून दाखवला.
"मिळालं की," नेस्तान म्हणाली,
आणि नाक पुसायला वळली. "वाटेत जरा तडकलं होतं."

गेगानं स्वतःचं अंडं उचललं,
सकाळपासून टोकाला टोक आपटून
घरातली आठ फोडलेलं,
आणि स्क्रीनजवळ नेऊन तिला नीट दाखवलं.
"तडकलं?
मग तू हरलीस."